साडेसात नंबरचे छर्रे

सोनगीरमध्ये धातूविषयी मत नसलेला माणूस हवा असेल, तर टोलनाक्यावर थांबलेल्या ट्रकात बघावं. तो बाहेरगावचा असतो. गावातला असेल तर मत असणारच. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर, किल्ल्याच्या टेकडीखाली आमचं गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर त्याचं नाव झालं. लग्नात हंडा आहेर आला की देणारा त्यावर टिचकी मारतो, घेणारा मारतो, नवरदेवाचा काका मारतो, आणि नादावरून जस्त किती पडलंय याबद्दल तिघांची तीन मतं पडतात. तिघांपैकी एकानेही भट्टी जवळून पाहिलेली नसते.

या गावात एका धातूला मात्र कुणी पाट मांडत नाही. ते म्हणजे शिसं. कल्हई करायची ती कथलाची. कथील महाग, शिसं स्वस्त, वितळल्यावर दोन्ही सारखीच चकाकतात. त्यामुळे कथलात शिसं मिसळणं हा जुना उद्योग आणि ते पकडणं हा त्याच्याइतकाच जुना छंद. आमच्या कल्हईवाल्या चाचांकडे यासाठी दोन परीक्षा आहेत. कथलाची पट्टी कानाशी धरून वाकवली की करकरते. शिसं मुकाट्याने वाकतं. आणि कागदावर घासलं की शिसं करडी रेघ ओढतं. "जो गुपचूप वाकस, त्याना भरोसा नही," असं चाचा म्हणतात. हे ते धातूबद्दल म्हणतात की ग्रामपंचायतीबद्दल, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

अशा गावात एका रविवारी संध्याकाळी माझ्या भाच्याचा ओहायोहून व्हिडिओ कॉल आला. मी जिभाऊंच्या भांड्यांच्या दुकानात बसलो होतो. तिकडे रविवारची सकाळ होती आणि पोरगा गॅरेजमध्ये उभा होता.

"मामा, शिसं घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

दुकान गप्प झालं. जिभाऊंनी तराजूतून मान वर केली. इंजिनिअर झालेलं, अमेरिकेत गेलेलं, घर घेतलेलं पोरगं, आणि त्याने शिसं विकत घ्यावं? "नोकरी गई का काय?" जिभाऊंनी हळूच विचारलं.

नोकरी शाबूत होती. झालं होतं असं, की भाचा तिकडच्या एका नेमबाजी क्लबात जायला लागला होता. यंत्र एक तबकडी हवेत फेकतं आणि याने ती बंदुकीने फोडायची. तबकडी साधारण ११ सेंटिमीटर व्यासाची. तिला तिकडे मातीचं कबूतर म्हणतात, पण तिच्यात माती नाही आणि कबूतर तर नाहीच. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकट पदार्थ मिसळून ती ओततात. एका फेरीत २५ तबकड्या. म्हणजे २५ काडतुसं. चार फेऱ्या झाल्या की शंभर. विकतची काडतुसं उडवायची तर खर्च फार, म्हणून रिकामी टरफलं गोळा करून ती घरीच पुन्हा भरायची. त्यासाठी दांडा ओढायचं एक यंत्र मिळतं. तिकडे हा रीतसर छंद आहे. इकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली सरळ गुन्हा आहे, हे तात्यांनी लगेच सांगून टाकलं. तात्यांकडे बंदुकीचा परवाना आहे. गावात कायदा त्यांना सगळ्यात जास्त पाठ, कारण परवान्याच्या नूतनीकरणासाठी त्यांनी जेवढ्या चपला झिजवल्या, तेवढ्यात दुसऱ्याने वकिली केली असती.

"आणि यानं पैसे वाचतात?" मी भाच्याला विचारलं.

"वाचतात ना मामा. यंत्र, छर्रे, दारू, टोप्या, प्लॅस्टिकच्या वाट्या आणि वजनकाटा सोडला, तर बाकी फुकटच."

जिभाऊंनी मान डोलावली. धंद्यात असे हिशेब त्यांनीही घरी सांगितलेले आहेत.

खरा प्रश्न पुढेच होता. छर्रे २५ पौंडांच्या पिशवीत मिळतात. पिशवीत ४०० औंस. एका काडतुसात त्यांच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त एक पूर्णांक एक अष्टमांश औंस भरलं, तर एका पिशवीत ३५५ काडतुसं होतात. एवढं गणित त्याला येत होतं. अडलं होतं ते पिशवी निवडताना. चिल्ड घेऊ की मॅग्नम? साधे की तांब्याचा मुलामा दिलेले? कोरे की जमिनीतून वेचून काढलेले? आणि नंबर साडेसात, आठ की नऊ?

हा प्रश्न त्याने मला विचारला, ही त्याची पहिली चूक नव्हे. फोन स्पीकरवर होता, ही त्याची चूक.

आधी नंबराचं प्रकरण मिटवायला घेतलं, कारण ते सोपं वाटलं. सोपं अजिबात नाही. बंदुकीच्या जगात आकडा वाढला की वस्तू बारीक होते. बारा बोअरची बंदूक म्हणजे काय, तर एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले की त्यातला एक त्या नळीत बरोबर बसतो. त्याचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअर म्हटलं की पौंडाचे वीस गोळे, म्हणजे नळी आणखी अरुंद. हे एकदा डोक्यात बसलं की कुणीतरी ४१० नावाची बंदूक काढून दाखवतं, आणि तिथे गोळ्यांचा हिशेबच नसतो; तो आकडा इंचाच्या हजारांशातला व्यास आहे. ज्या देशाने पाव, अदपाव, छटाक आणि शेर एका तराजूत सांभाळले, त्यालाही इंग्रजांच्या या हिशेबाने घाम फुटतो.

छऱ्यांचंही तेच. नऊ नंबर आठपेक्षा बारीक, आठ सहापेक्षा बारीक. अमेरिकेत साडेसात नंबरचे एका औंसात ३५० छर्रे बसतात, आठ नंबरचे ४१०, नऊचे ५८५. त्यात पुन्हा अमेरिकेचा सहा वेगळा आणि इंग्लंडचा सहा वेगळा. इंग्रजी सहा नंबरचे औंसाला २७० भरतात, अमेरिकी सहाचे २२५. आपल्याकडे इंग्रजी पद्धत राहिली. तात्यांनी ताबडतोब जाहीर केलं की अमेरिकेचा छर्रा जाड असतो. त्यांच्या आवाजात अभिमान होता की तक्रार, ते कळलं नाही.

साडेसात आणि आठमधला फरक किती, म्हणून मी विचारलं. साडेसातचा व्यास २.४१ मिलिमीटर, आठचा २.२९. म्हणजे ०.१२ मिलिमीटर. वहीच्या पानाची जाडी जेवढी, तेवढा. या एका पानाच्या जाडीवरून तिकडच्या क्लबात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, असं भाचा म्हणाला. जाड छर्रा लांबवर जोर टिकवतो. बारीक छर्रे संख्येने जास्त, म्हणून जाळं दाट पडतं. सोळा यार्डांवरून उडवायचं तर आठ पुरे, सत्तावीस यार्डांवर उभं राहायचं तर साडेसात बरे, असा साधारण रिवाज आहे. माझं मत विचाराल तर माणसाचा नेम जिथे वीतभर चुकतो, तिथे पानाच्या जाडीचा विचार करणं हा वेळ घालवण्याचा उत्तम मार्ग आहे. पण छंद म्हणजे तरी दुसरं काय असतं?

तेवढ्यात माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, दुकानात काहीतरी निरोप घेऊन आली. नातवाचं तोंड फोनवर दिसल्यावर निरोप राहिला. काय चाललंय म्हणून विचारलं. साडेसात की आठ, एवढंच तिच्या कानावर पडलं.

"साडेसात नको रे बाबा," ती म्हणाली. "घरात साडेसाती कोण विकत आणतं? आठ घे."

आता यावर हसणं सोपं आहे. पण युरोपातले जुने किमयागार शिसं हा शनीचाच धातू मानत, आणि शिशाने होणाऱ्या विषबाधेला तिकडच्या वैद्यकात शनीवरूनच नाव पडलं. म्हणजे साडेसात नंबरचं शिसं घरात आणणं हे दोन खंडांच्या ज्योतिषात एकाच वेळी बसतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला गरजही नव्हती. नंबराचा निकाल लागला.

चिल्ड आणि मॅग्नमचा निकाल मात्र इतक्या सहज लागणार नव्हता, कारण तो धातूचा प्रश्न होता आणि दुकानात जिभाऊ बसले होते. चिल्ड म्हणजे गार केलेले, हे नाव जुन्या काळचं. आज त्याचा अर्थ एवढाच की शिशात अँटिमनी कमी, म्हणजे दोन-तीन टक्के. मॅग्नम म्हणजे अँटिमनी जास्त, पाच-सहा टक्क्यांपर्यंत. अँटिमनी पडलं की शिसं टणक होतं. टणक कशाला हवं? बार उडतो तेव्हा खालच्या छऱ्यांना मागून धक्का बसतो आणि वरचे छर्रे जागचे हलायला वेळ लावतात. मधल्यामध्ये तळाचे चेपतात. चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही, कडेला भरकटतो. टणक छर्रा गोल राहतो आणि सांगितलेल्या वाटेने जातो. सरकारी कचेरीतल्या फायलीचं जे होतं तेच: वरून दाब आणि खालून धक्का आला की मधली वाकडी होऊन भलत्याच टेबलावर निघते.

जिभाऊंचा अशा ऐकीव माहितीवर विश्वास नाही. तात्यांच्या घरी तंबाखूच्या जुन्या डबीत थोडे छर्रे होते. त्यांच्या वडिलांच्या वेळचं पुठ्ठ्याचं एक काडतूस पावसाळ्यात फुगून आपलं आपणच उकललं होतं, त्यातले. डबी मागवली. छर्रे काळपट, एकेकाला पांढरी बुरशी चढल्यासारखा थर. जिभाऊंनी एक उचलून ऐरणीच्या कडेला ठेवला आणि पकडीच्या टोकात धरून हळूहळू दाबला. आवाज नाही, विरोध नाही. छर्रा बसक्या टिकलीसारखा झाला आणि कडा फाटल्या नाहीत. मग त्यांनी जुन्या बॅटरीच्या प्लेटचा एक तुकडा आणला. बॅटरीच्या जाळीत अँटिमनी घालतात, हे भंगारात बसणाऱ्याला शिकवावं लागत नाही. तो पकडीत दाबला तर आधी अडला, मग कड तडकली. जिभाऊंनी दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरले. "हाई नरम, हाई कडक. कडक घे."

चाचांनी टणक छऱ्याच्या बाजूने मत दिलं, पण वेगळ्या कारणाने: जो थोडा तरी अडतो, तो बरा.

"पण हे गोल कसे करतात?" तात्यांनी विचारलं. चांगला प्रश्न. बंदूक पिढ्यान्‌पिढ्या घरात, पण छर्रा गोल कसा होतो हे कुणी विचारलं नव्हतं. इंग्लंडात ब्रिस्टल गावी विल्यम वॉट्स नावाचा नळकारागीर होता. वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून सोडलं तर थेंब पडता पडता आपसूक गोल होतात आणि खाली पाण्यात पडून घट्ट होतात, हे त्याने हेरलं. १७८२ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. उंची हवी म्हणून घराला वर बुरूज चढवला आणि खाली मजल्यामजल्यांच्या जमिनीला भोकं पाडली. ही कल्पना त्याला स्वप्नात सुचली अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत बायको काय म्हणाली ते दिलेलं नाही. पुढे जगात ठिकठिकाणी असे मनोरे झाले. अमेरिकेत बाल्टिमोरचा १८२८ सालचा मनोरा अजून उभा आहे, २३४ फुटांचा. या शिशात चिमूटभर सोमलही घालत, त्याने थेंब नीट गोल होतो. सोमल म्हटल्यावर आई दचकली. तिच्या वाचनात सोमल फक्त दुधातून येतं.

मनोऱ्याचं ऐकून दुकानात बसलेल्या एका तरुणाला कल्पना सुचली. आपल्या किल्ल्यावर एवढी खोल विहीर आहे, वरून चाळणी धरली तर? दोन मिनिटं सगळ्यांनी यावर गंभीरपणे विचार केला. खोली पुरेल का, पाणी किती, शिसं वर कोण चढवणार. मग तात्यांना कायदा आठवला आणि सोनगीरचा छर्रा-उद्योग तिथेच थांबला.

तांब्याच्या मुलाम्यावर चर्चा झालीच नाही. तिथे संताप झाला. भाच्याने सांगितलं की काही छऱ्यांवर तांब्याचा पातळ थर देतात, त्याने छर्रा गोल राहतो, घासत नाही, पिसात अडकत नाही, आणि किंमत चांगलीच वाढते. आमच्या गावात तांब्याच्या भांड्याला आतून कथील लावतात, ते तांबं अन्नाला लागू नये म्हणून. इथे उलटंच: आत शिसं, वर तांबं. "कमी जातनं पोट आनि वर भारी लुगडं," चाचा म्हणाले. जिभाऊंना दुःख वेगळंच होतं. तांबं आज काय भावाने जातं आणि हे लोक ते तबकड्या फोडायला शेतात फेकतात? मी समजूत घातली की तबकडीला पिसं नसतात, तेव्हा भाच्याला त्याची गरजही नाही. मुलामा बाद.

मग आलं वेचलेल्या छऱ्यांचं प्रकरण, आणि इथे सोनगीर एकदम घरी पोहोचलं.

नेमबाजीच्या मैदानावर वर्षानुवर्षं छर्रे पडत राहतात. टनावारी. काही वर्षांनी कंत्राटदार येतो, वरची माती खरवडतो, चाळतो, धुतो, शिसं वेगळं काढतो, त्याला ग्रॅफाइट चोळून पुन्हा पिशव्यांत भरतो आणि त्याच लोकांना स्वस्तात विकतो. भाच्याला याची लाज वाटत होती. जुने, वापरलेले छर्रे घ्यावेत का?

"म्हणजे मोड," जिभाऊ म्हणाले.

बस. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पाहिलंय. भांड्यांचा अर्धा धंदा मोडीवर चालतो. जुनी घागर द्या, वजन करा, घट धरा, नवी न्या, वरचा फरक मोजा. जगात दुसरं कुठेतरी लोक आपली मोड जमिनीतून वेचून आपल्यालाच परत विकतात, हे ऐकून त्यांना अमेरिकेबद्दल प्रथमच आदर वाटला. त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. मोडीत माती किती राहते? सगळे छर्रे एका मापाचे की मिसळ? घट किती टक्के धरतात? चेपलेले वेगळे काढतात की नाही? भाच्याकडे यातलं एकच उत्तर होतं: मापं मिसळलेली असतात आणि थोडे चेपलेलेही निघतात. "मंग सरावले मोड, सामन्याले कोरा," जिभाऊंनी निकाल दिला. भाच्याने नंतर सांगितलं की त्याच्या क्लबातला सगळ्यात जुना सभासदही हेच सांगतो, फक्त त्याला ते कळायला चाळीस वर्षं लागली.

छर्रे खरोखर कसे पडतात हे बघायची तिकडे एक पद्धत आहे. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार काढायचा, मग ३० इंचांचं वर्तुळ आखून त्यात भोकं किती पडली ती मोजायची. नळीचं तोंड पुरतं आवळलेलं असेल तर सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे वर्तुळात यावेत. आठ नंबरच्या एका बारात साडेचारशेच्या वर छर्रे. ही भोकं मोजण्याचं काम भाचेसुनेकडे होतं. तिने एकदाच मोजली, आणि पुढच्या वेळी कागदाचा फोटो संगणकाला मोजायला दिला. संगणकाने शाईचा डागही मोजला. तेव्हापासून भाच्याची टक्केवारी फार चांगली येते.

एवढ्यावर थांबलं असतं, पण तरुणाने पुन्हा तोंड उघडलं. शिसं कशाला, सायकलच्या दुकानात छर्रे मिळतात की, पोलादाचे. गुळगुळीत, टणक, स्वस्त.

ही कल्पना नवी नाही. ठासणीच्या बंदुकीत लोकांनी काय काय ठासलंय त्याची यादी केली तर ती हार्डवेअरच्या दुकानाचं बिल वाटेल. पण शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट आणि पोलादाची ७.८ पट. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका, म्हणून लवकर दमतो. त्याच कामाला दोन नंबर जाड घ्यावा लागतो. आणि जुन्या नळीवर तो ओरखडे काढतो, कारण तो चेपत नाही, नळीलाच चेपायला बघतो. तात्यांनी हे शांतपणे सांगितलं. त्यांच्या एका नातेवाइकाच्या बंदुकीच्या नळीला फुगवटा आला होता. फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये आहे आणि तो ते लग्नाच्या फोटोंच्या मध्ये दाखवतात.

तरीही पोलादाची बाजू पूर्ण खोटी नाही. बदकं दाणा भरडण्यासाठी खडे गिळतात, आणि खडे म्हणून तळ्याच्या तळाचे छर्रे गिळतात. पोटात शिसं झिजतं, रक्तात उतरतं, पक्षी मरतो. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी घातली, डेन्मार्कने १९९६ मध्ये सगळ्याच शिकारीत, आणि युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत. आपल्याकडे हा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारच बंद. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर बदकं उतरतात, त्यांना फोटो काढणाऱ्यांचाच काय तो त्रास. आणि तबकडीला शिसं चढत नाही. भाच्याला एवढंच बजावलं की भरून झाल्यावर हात साबणाने धू आणि ते काम स्वयंपाकघरात करू नकोस. शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं, हे कल्हईच्या गावात लहान पोरालाही माहीत असतं. निदान असायला हवं.

मधेच कुणीतरी विचारलं, आपल्या महाराष्ट्राची पोरं या तबकडीच्या खेळात का दिसत नाहीत? राज्यवर्धन सिंग राठोडने २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य आणलं, पण तो राजस्थानचा. आमचे कोल्हापूरकर, तेजस्विनी सावंत असो, राही सरनोबत असो की पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे, सगळे एका गोळीचे कारभारी. एका वेळी चारशे छर्रे उधळणं कोल्हापूरच्या हिशेबात बसत नसावं. खान्देशात म्हणाल तर वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण तिथली काडतुसं सैन्यासाठी. बारा बोअरची येतात ती पुण्याजवळच्या खडकीहून, १८६९ पासून चालत आलेल्या कारखान्यातून, आणि त्यांचं नाव 'शक्तिमान'. तात्यांची नातवंडं हे नाव ऐकून डबा उघडायला सांगतात, आत कोण आहे ते बघायला.

आता तात्यांच्या बंदुकीबद्दल. कारण भाच्याचा फोन बंद झाला, आठ नंबर, कडक, मुलाम्याविना, अर्धी पिशवी मोड, असं ठरलं, तरी दुकानातली मंडळी उठली नाहीत. विषय तात्यांवर आला. त्यांच्या मक्यात रानडुकरं येतात. कपाशीत रोही शिरतात. आणि तात्यांकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे.

शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम शेतकऱ्याच्या बाबतीत बरंच समजूतदार आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यावी म्हणतं, आणि पुढे असंही म्हणतं की ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. संसदेत कुणीतरी नक्कीच डुकरामागे धावलेलं असणार. प्रश्न पुढे सुरू होतो. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी. हवेत बार काढायचा तर कोणता छर्रा भरायचा? यावर तात्यांचा अभ्यास गाढा आहे. एलजी मापाचे छर्रे औंसाला सहा, एसजीचे आठ, एएएचे पस्तीस. हवेत उडवायला कोणताही चालेल, पण तात्या म्हणतात, आवाजात फरक पडतो. हे कुणाला पटत नाही. जिभाऊंचं म्हणणं, "डुकरले काय समजस नंबर?" तात्यांचं म्हणणं, समजतं. एसजी भरला त्या रात्री डुक्कर आलं नव्हतं.

"पन तू उडावा का?"

"नही. आलंच नही, तर कसाले उडावू?"

याला उत्तर नाही.

त्यात खरी अडचण वेगळीच. निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ मध्ये मार्चच्या मध्याला लोकसभेची आचारसंहिता लागली, धुळ्याचं मतदान २० मेला. बंदूक ठाण्यात. ती घरी येऊन तिच्यावरची धूळ पुसून होते न होते, तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. मतदान २० नोव्हेंबर. म्हणजे बरोबर ज्या दिवसांत मक्याची कणसं भरून पिकतात, त्या दिवसांत बंदूक ठाण्यात, भिंतीला टेकून, चिठ्ठी लावलेली. डुकरांना आचारसंहितेच्या तारखा कोण कळवतं हे शोधायला हवं. तात्या कधी कधी ठाण्यात जाऊन बंदुकीला तेल लावायची परवानगी मागतात. हवालदार म्हणतात, "तात्या, उमेदवारानी बी इतली चौकशी कोनी करस नही."

काडतुसं घरात, बंदूक ठाण्यात, डुकरं शेतात. अशा वेळी एलजी की एसजी हा प्रश्न किती शुद्ध होतो, त्याला व्यवहाराची धूळ लागतच नाही.

शेवटी तात्यांच्या मुलाने वडिलांना न विचारता झटका मशीन मागवलं. बांधावर तारा, सौर पट्टी, तारेला डुकराने नाक लावलं की टक् असा झटका आणि डुक्कर शेजाऱ्याच्या शेतात. त्याला परवाना लागत नाही, निवडणुकीत जमा करावं लागत नाही, आणि रात्री जागावंही लागत नाही. तात्या दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी यंत्राला बॅटरी घ्यायची म्हणून जिभाऊंच्या दुकानात आले. बारा व्होल्टची.

बॅटरीत शिसंच असतं. निम्म्याहून जास्त वजन त्याचंच. दुकान पुन्हा भरलं. ट्यूब्युलर घ्यावी की साधी? जाळीत अँटिमनी जास्त की कमी? पाणी घालायची की बंद डब्याची? चाचांनी बॅटरीवर टिचकी मारून पाहिली. आईला कुणीतरी बारा व्होल्ट, साडेसात अँपिअर असं सांगितल्यावर ती पुन्हा अडून बसली. तात्यांनी कायदा शोधला, बॅटरीबद्दल सापडला नाही, म्हणून थोडे उदास झाले. जिभाऊंनी मात्र पंचाईत केली नाही. त्यांनी गल्ल्यातून पेन काढलं, पाठकोऱ्या बिलावर भाव लिहिला आणि विचारलं, "तात्या, घरमा जुनी बॅटरी शे का? मोड धरी लेसू."